वाकिंग

डॉक्टरांचा दवाखाना कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतच, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडं होता. नवरा उद्यमनगरात लेथवर पहिल्या पाळीला गेलेला, म्हणून माझ्याबरोबर सासूबाई आल्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी अडतीस वर्षांची होते, दिवसभर शिलाई मशीनवर बसून पेठेतल्या बायकांची ब्लाऊज शिवत होते, आणि वर्षभर मला सारखी तहान लागत होती. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शुगर आहे म्हणाले. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. आईला आहे, मी सांगितलं. मग तिच्याकडूनच आली, म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी म्हणाले, "तीन महिने देतो. वॉकिंग सुरू करा. नाही उतरली तर रोजचं इंजेक्शन, जन्मभर."

इंजेक्शनाचं नाव काढल्याबरोबर मला आईचा पाय दिसला. माझं माहेर कोडोली. आई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात भांगलायला गेलेली, अनवाणी. तिला शुगर आहे हे कळलं तेच मुळी पाय काळा पडल्यावर. आधी बोटं काढली, मग अर्धं पाऊल काढलं. इंजेक्शनं त्यानंतर सुरू झाली. पण माझ्या डोक्यात क्रम उलटा बसला होता: आधी इंजेक्शन येतं, मग पाय जातो. दवाखान्यातून बाहेर पडताना मी चपला घालायच्या आधी माझ्या पायांकडं बघत उभी राहिले. सासूबाईंनी मला दंडाला धरून चालवलं.

घरी पोचताच त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं डॉक्टर काय म्हणाला ते? वाकिंग. आता वाकायचं."

मला वाटलं चेष्टा करतात. पण सासूबाई चेष्टा करणाऱ्या बाई नव्हत्या. दिवसभर मशीनवर बसून हिच्या अंगात साखर साठली, आता खाली वाकून कामं केली की ती जिरेल, हे त्यांना लख्ख पटलं होतं. आपण वीस वर्षं सांगत होतो ते आज शिकलेल्या डॉक्टरानं सांगितलं, याचा त्यांना आनंदही झाला होता. मी नुकताच प्रदर्शनातून दांड्याचा पोचा आणला होता. तो त्याच संध्याकाळी माळ्यावर गेला.

मी दहावी शिकलेली. वॉक म्हणजे चालणे हे मला माहीत होतं, तसं मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "चालायचं असतं तर 'चाला' म्हणाला असता की. चालायला काय इंग्रजी लागतंय?"

"मग वाकायला लागतंय व्हय, आत्याबाई?"

"म्हणून तर वाकिंग म्हणाला. निम्मं मराठीच हाय."

यावर काय बोलणार? मी तापट बाई आहे, पण त्या दिवशी फडकं घेऊन खाली वाकले. पंधरा दिवस मी वाकून फरशी पुसली, वाकून धुणं धुतलं, खाली सांडलेली राळ्याएवढी मोहरीसुद्धा वाकून वेचली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आई म्हणतीया तर बघ करून, तोटा काय हाय. सोळाव्या दिवशी माझी कंबर धरली ती सुटेचना. मला रिक्षात घालून डॉक्टरांकडं न्यावं लागलं.

काय केलंत, असं त्यांनी विचारलं. सांगितल्याप्रमाणं वाकिंग केलं, मी दात खाऊन म्हणाले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर इतके हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. मग त्यांनी कागद घेतला आणि मराठीत लिहून दिलं: 'चालणे. रोज एक तास. भरभर. न वाकता.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली. सासूबाईंनी तो कागद माझ्या नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. "मग आधीच का न्हाय सांगिटलं त्यानं," एवढंच म्हणाल्या. पोचा मात्र माझा मलाच माळ्यावरून काढावा लागला.

तीन महिन्यांतले पंधरा दिवस असे गेले. राहिलेल्यात तरी झडझडून चालायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, पोरीचे शाळेतले पीटीचे पांढरे बूट साडीखाली घालून मी रंकाळ्याकडं निघाले. रंकाळा तलाव आमच्यापासून दहा मिनिटांवर. पण पेठेतल्या बाईला रिकाम्या हातानं ती दहा मिनिटं ओलांडणं किती अवघड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्याकडं रस्त्यात भेटलेलं माणूस "कुठं निघाली?" असं विचारतं. ती चौकशी नसते, तो नमस्कार असतो, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. दळणाला, भाजीला, चटणी कुटायला डंकावर. "असंच" हे उत्तर नव्हे. मी पहिल्या दिवशी तीन ठिकाणी "असंच" म्हणाले, आणि पोरीचे बूट घालून पहाटेची बाहेर पडलेली बाई नवऱ्याशी भांडून माहेरी चालली आहे, असं तिघींनी ओळखलं. पहिलीनं हाताला धरून घरात बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि चहा दिला. "सगळ्यांचीच दाल्लं तसली असत्यात," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हातात पिशवी घेतली आणि भाजीला निघाल्याचं सांगितलं. भांडणाचा विषय मिटला, पण चहा राहिला. पेठेत दारावरून जाणाऱ्या बाईला चहा विचारतात आणि तिनं घ्यावा लागतो. नको म्हटलं की, "का, आमच्या घरचा च्या चालत न्हाय व्हय?" आणि आमचा चहा म्हणजे पाकच, चमचा उभा राहील असा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या अक्का तर चहाबरोबर मूठभर भडंगही पुढं सारायच्या. अक्का निपाणीकडच्या लिंगायत घरातून आमच्या पेठेत दिलेल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, आवाजानं सगळ्या गल्लीहून मोठ्या. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

शुगर आहे म्हणून चहा नको, एवढं सांगितलं असतं तर सुटले असते. तेच मला सांगता येत नव्हतं. पोरगी नववीत होती. चार-पाच वर्षांत तिला बघायला पावणे येणार. 'त्या घरात शुगर हाय, आजीचा पाय गेलाय, आईला पण लागलीया,' एवढं एका दारात बोललं की दुपारपर्यंत सगळ्या पेठेत झालं असतं. म्हणून मी गप्प बसून चहा पीत होते आणि उरलेल्या वेळात रंकाळ्यावर घाम गाळत होते.

ते दिवसही असे होते की जिकडंतिकडं तब्येतीचं वारं सुटलेलं. रंकाळ्यावर पांढऱ्या बुटांतले रिटायर्ड लोक गोल करून हात वर करून हसत. हसण्यासारखं काही नसताना कसे हसतात ते बघायला पोरं जमत. कोपऱ्यावर एकानं कारल्याच्या रसाची गाडी लावली होती, पुढं त्याच्या शेजारी गव्हांकुराचा रसवाला आला. केबलवर पोट हलवणाऱ्या पट्ट्याची जाहिरात लागायची. नवऱ्यानं मित्राकडून तसला एक पट्टा माझ्यासाठी म्हणून आणला आणि स्वतःच लावून बसला. रविवारी सकाळी तो पट्टा सुरू ठेवून त्यानं मिसळ खाल्ली. कट अंगावर उडाला तेव्हा तो पट्टा परत गेला. नणंदेनं हातात घालायला लोहचुंबकाचं कडं पाठवलं. ते मला एकाच कामाला आलं, खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला.

दीड महिन्यानं डॉक्टरांकडं गेले. काटा दीड किलोनं वर गेला होता आणि शुगरही चढली होती. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. गोळ्या घेता ना, चालता ना, असं त्यांनी विचारलं. मी दोन्हीला हो म्हणाले, ते खरंच होतं. चहाचं मात्र बोलले नाही. घरी आले, मशीनवर बसले, आणि दोऱ्याचा बॉबिन भरता भरता रडू फुटलं. मला मरायची भीती नव्हती. मला घराच्या सोप्यावर, दारापुढच्या ओसरीवर बसून राहायची भीती होती. आई दोन वर्षं तशी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडं बघत बसायची, तोंडाकडं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या दुकानावरून चालले होते. अक्का चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. मी थांबले, आणि का कुणास ठाऊक, माझा आवाज चढला. "अक्का, च्या नको. मला शुगर हाय. माझ्या आईचा पाय गेलाय शुगरनं. मला माझा घालवायचा न्हाय."

सगळी गल्ली ऐकत असणार.  झालं, पोरीचं लग्न मोडलं, असं वाटलं. अक्का गटारीजवळ गेल्या आणि कपातला चहा ओतून टाकला. मला वाटलं रागावल्या. पण त्या जवळ आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "मला बी हाय. चार वरसं झाली. सुनंला पण ठावं न्हाय."

 मला शंका येऊ नये म्हणून ही बाई रोज माझ्यासमोर बसून तेवढाच गोड चहा पीत होती, आणि मी तिला शंका येऊ नये म्हणून पीत होते. मला इतका राग आला की हसू आलं. अक्काही हसायला लागल्या. मी म्हटलं, "मग चपला घाला." त्यांनी सुनेला दुकान बघायला सांगितलं, आणि आम्ही दोघी निघालो.

त्या महिन्यात कळलं की आमच्या दोन गल्ल्यांत शुगरवाल्या सहा बायका आहेत. सहाही जणी एकमेकींना साखरेचा चहा पाजून आपापली शुगर झाकत होत्या. अंगणवाडीतल्या बाई त्यातल्या, पोळ्या करून देणाऱ्या मावशी त्यातल्या. एकीनं बोललं की दुसरी बोलायची. ज्यांना शुगर नव्हती त्याही, सगळ्या निघाल्यात तर आपण का मागं, म्हणून आल्या. पोरीच्या लग्नाची भीती मात्र कुठं गेली कळलं नाही. सगळ्या पेठेलाच शुगर आहे म्हटल्यावर कोण कुणाला नाव ठेवणार?

भरभर चालायचं तर साडीत पाऊल पडेना. साडीचा दोष नव्हता, परकराचा होता. आम्ही बायका परकर शिवून घेतो तो कमी घेराचा, कापड वाचावं म्हणून, आणि घेर कमी असला की पाऊल वीतभरच पडतं. मी माझ्या परकराला दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत चिरा दिल्या, कडांना आतून पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं दहा पावलं. मागून अक्का ओरडल्या, काय खाऊन आलीस? परतल्यावर त्यांना आत नेऊन परकर दाखवला. आठवड्यात मी चौदा परकर चिरले. पुढं कोऱ्या कापडाचेच शिवायला लागले. बायका येऊन "वाकिंगचा परकर" मागायच्या. होय, शब्द सासूबाईंचाच टिकला.

आमच्या पेठेत चार माणसं एकत्र आली की मंडळ होतं, तसं आमचंही झालं. एक दिवस रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं की बायकांचा मोर्चा कुठं चाललाय. अक्का न थांबता म्हणाल्या, "मोर्चा न्हवं पावणं, वाकिंग मंडळ हाय. तुमच्या मंडळींना पण पाठवा उद्यापासनं." आजोबांच्या मंडळी तिसऱ्या दिवशी खरंच आल्या. सासूबाईंनी आठवडाभर खिडकीतून बघितलं आणि एका सकाळी त्या आमच्या आधी चपला घालून दारात उभ्या होत्या. रंकाळ्याच्या टॉवरपर्यंत यायच्या आणि तिथं बसून आमच्या पिशव्या सांभाळायच्या. आपल्यामुळंच हे सगळं सुरू झालं, असं त्या नवीन बाईला आवर्जून सांगायच्या. मी एकदाही खोडून काढलं नाही.

तीन महिने भरले. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, पहिला कागद शेजारी ठेवला, आणि दोन्हींकडं बघत राहिले. "इंजेक्शन राहू दे," म्हणाले. "काय केलंत?"

"च्या सोडला," मी सांगितलं. त्यांना अर्धवट कळलं असावं. मी दवाखान्यातून घरापर्यंत चार गल्ल्या मान वर करून आले. दारोदारी कुठं गेलतीस विचारत होते आणि मी मोठ्यानं सांगत होते. सासूबाईंनी गल्लीत फुटाणे वाटले. पेढ्याशिवाय वाटलेली पेठेतली ती पहिली आनंदाची बातमी असेल.

संध्याकाळी कोडोलीला फोन लावला. आईच्या शेजारच्या दुकानात फोन होता, तिला बोलवून आणलं. माझी शुगर उतरली म्हणून सांगितलं.  कागद दाखवायला आणते म्हटलं, तर म्हणाली, "कागदावर काय बी लिवत्यात. पाय कसं हाईत?"

"चांगलं हाईत गं. जरा बी दुखत न्हाईत."

तिला धीर यावा म्हणून मी बोलले होते. पलीकडून आईचा आवाजच फिरला. "माझा बी दुखत न्हवता," ती म्हणाली. "खिळा आरपार घुसला तरी दुखला न्हाय. दुखला असता तर गेला नसता." मग ती रडायला लागली. "माझंच तुला आलं गं बाय. काय न्हाय दिलं मी तुला, आणि ह्ये दिलं."

फोन ठेवला. नुसत्या बोलण्यानं हे निस्तरणार नव्हतं. अक्कांना म्हटलं, मी कोडोलीला चालत जाणार. अक्का म्हणाल्या, कधी निघायचं?

लगेच निघालो नाही, तेवढी अक्कल होती. दोन महिने दर रविवारी थोडं थोडं लांब जात राहिलो, केर्लीपर्यंत जाऊन यायला लागलो. मग थंडीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही चौघी निघालो. मी, अक्का, अंगणवाडीच्या बाई आणि पोळ्यांच्या मावशी. सासूबाई भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन एसटीनं पुढं जाणार होत्या. पंचगंगेच्या पुलावर उजाडलं. वाघबीळचा चढ चढताना एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवून बसा म्हटलं. आम्ही नको म्हणालो, तर बिचारा पैशांसाठी नको म्हणतात समजून फुकट नेतो म्हणाला. मावशी त्याला म्हणाल्या, "बाळा, बसून बसूनच ही पाळी आलीया." चढावर माझी टाच बुटात घासून सोलली. मी बोलले नाही. बोलले असते तर अक्कांनी त्याच टेम्पोत बसवलं असतं. चढ संपला आणि पलीकडचा ऊस दिसला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. माझं बघून तिघीही ओरडल्या.

दुपारी साडेबाराला कोडोलीत शिरलो. आई सोप्यावर बसली होती, शेजारी सासूबाई. आम्ही चालत येतोय हे आईनं लांबून बघितलं होतं, तरी विचारलं, "गाडी कुठं सोडलीसा?"

"गाडी न्हाय. कोल्हापुरातनं चालत आलो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पण त्या दिवशी ते 'आलो' मी चौघींच्या वतीनं म्हणाले.

भावजयीनं आमच्या पायांवर पाणी घातलं. आईनं मला जवळ बसवलं आणि माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. आईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, मी मागं ओढायला लागले. "गप बस," ती म्हणाली. तिनं पदरानं पाय पुसला. सोललेली टाच बघितली. एकेक बोट धरून दाबलं, बोटांच्या बेचक्यात बघितलं, तळवा उजेडाकडं वळवला. मग बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या तळव्यात टोचली.

"आई गं! दुखतंय की!"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. दुसरा पाय घेतला आणि त्यालाही टोचली. मी पुन्हा ओरडले, या वेळी शिवी देऊन. आई हसायला लागली. दोन वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि ती हसत होती. भिंतीला धरून उभी राहिली, काठी घेतली, आणि आपल्या अर्ध्या पावलावर टेकत टेकत अंगणाच्या कडेपर्यंत गेली.

"ए, इकडं या गं," शेजारणीला तिनं हाक मारली. "माझी लेक कोल्हापुरातनं चालत आलीया. तिचं पाय दुखत्यात."